डर्माटायटिस : आडनाव कळले, पूर्ण नाव काय?

काही दिवसांपूर्वी गवंडीकाम करणारे एक गृहस्थ दवाखान्यात आले. वय पंचेचाळिशीच्या आसपास. दोन्ही हातांची कातडी जाड झालेली, बोटांना भेगा पडलेल्या, मनगटाजवळ मधूनमधून लस वाहत होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या तीन चिठ्ठ्या त्यांनी टेबलावर मांडल्या. तिन्ही वेगवेगळ्या डॉक्टरांच्या, पण तिन्हींवर रोगाचे नाव एकच : डर्माटायटिस.

"डॉक्टरसाहेब, तिघांनीही रोग एकच सांगितला. मग तो बरा का होत नाही?"

प्रश्न अगदी रास्त होता. तिन्ही डॉक्टरांचे काही चुकले नव्हते, पण त्यांनी लिहिलेला शब्द अपुरा होता. आपल्यापैकी अनेकांच्या घरात अशी एखादी चिठ्ठी असेल. म्हणून आज या एका शब्दाची नीट ओळख करून घेऊ.

शब्दाची फोड

हा शब्द ग्रीक भाषेतून आला आहे. 'डर्मा' म्हणजे त्वचा आणि 'आयटिस' म्हणजे दाह. डर्माटायटिस म्हणजे त्वचेचा दाह, एवढाच त्याचा शब्दार्थ.

'आयटिस' ही शेपटी आपल्या कानावर अनेकदा पडते. टॉन्सिलायटिस म्हणजे टॉन्सिलचा दाह, आर्थ्रायटिस म्हणजे सांध्याचा, गॅस्ट्रायटिस म्हणजे जठराचा, हेपटायटिस म्हणजे यकृताचा. शरीराच्या कोणत्या भागात दाह आहे हे अशा नावांवरून समजते, परंतु तो कशामुळे झाला हे समजत नाही. यकृताचा दाह विषाणूमुळे होतो, तसा दारूमुळेही होतो. नाव एकच, पण कारण वेगळे आणि उपायही वेगळा.

दाह म्हणजे काय? पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने त्याच्या चार खुणा नोंदवून ठेवल्या आहेत : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. आजही वैद्यकाचे विद्यार्थी याच चार खुणा शिकतात. त्वचेच्या बाबतीत मात्र वेदनेपेक्षा खाज अधिक असते. प्रथम लाली येते, मग बारीक पुटकुळ्या उठतात, त्या फुटून लस वाहते, खपली धरते आणि दुखणे जुने झाले की कातडी जाड, काळपट व भेगाळ होते.

इसब आणि डर्माटायटिस

आपल्याकडे ज्याला इसब म्हणतात आणि डॉक्टर ज्याला एक्झिमा म्हणतात, तो डर्माटायटिसहून निराळा आहे का, असे पुष्कळ जण विचारतात. व्यवहारात डॉक्टर हे दोन्ही शब्द बहुधा एकाच अर्थाने वापरतात. एक्झिमा हा शब्दही ग्रीकच. त्याचा मूळ अर्थ उकळून वर येणे. पुटकुळ्या फुटून लस वाहणारी कातडी पाहिली की हे नाव का पडले असावे ते लक्षात येते.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. शब्दार्थ पाहिला तर त्वचेचा कोणताही दाह डर्माटायटिस म्हणता येईल. पण डॉक्टर तो शब्द इतका सैल वापरत नाहीत. नायटा किंवा गजकर्ण झाले तरी त्वचा लाल होते आणि खाजते, पण त्याचे कारण बुरशी. खरजेतही कंड सुटतो, पण त्याचे कारण त्वचेत शिरलेला सूक्ष्म किडा. सोरायसिसमध्ये लाल चट्ट्यांवर चंदेरी पापुद्रे येतात. या सर्वांना स्वतंत्र नावे आणि स्वतंत्र औषधे आहेत. ते वगळून इसबाच्या स्वरूपाचे जे दाह उरतात, त्यांच्या कुटुंबाचे नाव डर्माटायटिस.

म्हणजे हे आडनाव झाले. गावात 'पाटलांच्या घरी पत्र द्या' असे सांगितले, तर पोस्टमन विचारणारच, कोणते पाटील? डर्माटायटिसचेही तसेच. पूर्ण नाव कळल्याशिवाय उपाय योग्य पत्त्यावर पोहोचत नाही.

कुटुंबातील मंडळी

या कुटुंबात माणसे बरीच आहेत. त्यांतील नेहमी भेटणारी पाहू.

१) संपर्कजन्य डर्माटायटिस : बाहेरच्या एखाद्या पदार्थाचा त्वचेशी संपर्क आल्याने होणारा. याच्या दोन शाखा आहेत. पहिल्या शाखेत तो पदार्थच झोंबणारा असतो. धुण्याचा सोडा, भांड्यांची पावडर, ओले सिमेंट यांत हात सतत राहिले तर कोणाचीही कातडी सोलेल. दुसरी शाखा ॲलर्जीची. येथे पदार्थ दहांपैकी नऊ जणांना काहीच करत नाही, पण दहाव्याच्या शरीराने त्याच्याशी वैर धरलेले असते. हे वैर जडायला कधी काही दिवस लागतात, तर कधी कित्येक वर्षे. म्हणूनच 'वीस वर्षे हाच कलप लावतोय, आजच कसा बाधला?' या प्रश्नात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. एकदा वैर जडले की ते बहुधा जन्मभर टिकते. पुढे त्या पदार्थाचा स्पर्श झाला की साधारण एक ते तीन दिवसांत पुरळ उठते. स्पर्श सोमवारी आणि पुरळ बुधवारी, त्यामुळे खरा गुन्हेगार चटकन ध्यानात येत नाही.

२) ॲटोपिक डर्माटायटिस : हा बहुधा लहानपणी सुरू होतो. तान्ह्या बाळाच्या गालांवर, मोठ्या मुलांच्या कोपराच्या व गुडघ्याच्या आतल्या घडीत. घरात कोणाला तरी दमा किंवा सतत शिंका येण्याचा त्रास अनेकदा असतो. यात त्वचेचा वरचा थर मुळातच कोरडा व कच्चा असतो. अशा बाळाला डाळीचे पीठ चोळचोळून आंघोळ घातली तर त्रास वाढतो.

३) सेबोऱ्हिक डर्माटायटिस : डोक्यात कोंडा, भुवयांत आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना लाली व तेलकट पापुद्रे. त्वचेवर एरवीही राहणाऱ्या एका सूक्ष्म बुरशीचा यात हात असतो. हा जातो आणि पुन्हा येतो.

४) स्टॅसिस डर्माटायटिस : पायाच्या फुगलेल्या शिरांमुळे घोट्याच्या वर होणारा. तासन् तास उभे राहून काम करणाऱ्यांत आढळतो. येथे नुसते मलम पुरत नाही, पायातील रक्ताच्या परतीकडे लक्ष द्यावे लागते.

५) न्यूरोडर्माटायटिस : नावावरून हा मेंदूचा किंवा नसांच्या अशक्तपणाचा विकार वाटतो. तसे नाही. एकच जागा महिनोन् महिने खाजवून कातडी जाड होते आणि जाड झाली म्हणून आणखी खाजते. मानेच्या मागे आणि घोट्यावर हे चक्र अनेकदा दिसते. ते तोडणे हाच उपचार.

चट्ट्याची जागा बोलते

संपर्कजन्य प्रकारात चट्टा कोठे उठला व त्याचा आकार कसा आहे, यावरून अर्धे निदान होते. आपल्या परिसरातील काही उदाहरणे पाहा.

बिब्बा उतणे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. बिब्ब्याचे तेल अंगाला लागले की फोड येतात. हाही संपर्कजन्य डर्माटायटिसच. बिब्ब्याच्या रसाने धोबी कपड्यांवर खूण करीत असत. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या परदेशी सैनिकांच्या मानेवर चट्टे उठू लागले. शोध घेता ते कॉलरवर धोब्याने केलेल्या खुणेच्या जागीच निघाले. इंग्रजी बोलीत 'धोबी इच' असाही एक शब्द आहे, पण तो जांघेतल्या नायट्याला वापरतात. दोन्हींत धोबी आहे म्हणून दोन्ही एकच समजले, तर औषध चुकलेच.

बिब्बा, काजू आणि आंबा हे एकाच वनस्पती-कुळातले. काजूच्या टरफलातील तेलाने कारखान्यात काम करणाऱ्या बायकांचे हात सोलतात आणि कैरीच्या चिकाने काहींचे ओठ उततात.

गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, १९५० च्या दशकाच्या मध्यास पुण्यात प्रथम नजरेस आले व पाहता पाहता देशभर पसरले. त्यातील पार्थेनिन नावाच्या द्रव्याची काहींना ॲलर्जी होते. वाळलेल्या गवताचे कण वाऱ्याबरोबर उडतात. म्हणून चेहरा, पापण्या, मान, कोपराच्या घड्या असा त्रास होतो. नुसत्या उन्हाने होणारा त्रास बहुधा पापण्या, कानामागची जागा आणि हनुवटीखालचा भाग सोडून देतो. उडणारे कण मात्र तेथेही पोहोचतात. शेतकरी बांधवांनी हा फरक ध्यानात ठेवावा. अशा माणसाला त्याच कुळातील शेवंती व सूर्यफूलही बाधू शकते.

कानाच्या पाळीवर आणि बेंबीखाली पँटच्या बटणाच्या जागी चट्टा असेल तर निकेल धातूचा संशय घ्यावा. खोटे दागिने, घड्याळाची मागची बाजू आणि बटणे यांत तो असतो. चपलेच्या पट्ट्याच्या आकाराचा चट्टा पायावर उठला तर रबर किंवा चामड्यातील रसायन. कपाळाची कड, कान आणि मान सुजली तर केसांचा कलप. टिकलीच्या जागी खाज सुटली किंवा पांढरा डाग पडला तर टिकलीमागचा डिंक. उजव्या हाताने सुरी धरणाऱ्या गृहिणीच्या डाव्या हाताच्या अंगठ्याची व शेजारच्या दोन बोटांची टोके भेगाळली तर लसूण.

पावसाळ्यात रात्री दिव्याकडे येणारा काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा बारीक किडा अंगावर चिरडला, तर दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखी रेघ उमटते. लोक म्हणतात कोळी चावला. वास्तविक हाही डर्माटायटिसच. अंगावर बसलेला किडा चिरडू नये, फुंकरीने उडवावा.

गोंधळ कोठे महाग पडतो?

'खाज आहे ना, मग ही ट्यूब लावा' हा सल्ला आपल्याकडे शेजारीही देतात. बहुतेक वेळा त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते. १९५२ साली हायड्रोकॉर्टिझोनचे मलम त्वचारोगांवर उपयोगी पडते असे दिसून आले आणि इसबाच्या उपचारात मोठी क्रांती झाली. योग्य रोगात, योग्य ताकदीचे, ठरावीक दिवस वापरले तर हे औषध उत्तम आहे. त्याला उगाच घाबरू नये.

परंतु तेच मलम नायट्यावर लावले तर काय होते? दोन दिवसांत लाली व खाज कमी होते आणि रोगी खूश होतो. आत मात्र बुरशीला मोकळे रान मिळते. कारण दाह ही शरीराने बुरशीशी मांडलेली लढाई असते आणि आपण शिपायांनाच झोपवलेले असते. मलम थांबवताच नायटा दुप्पट पसरतो. त्याची नेहमीची गोल कडही पुसली गेलेली असते, त्यामुळे पुढच्या डॉक्टरांनाही तो लवकर ओळखू येत नाही. स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि प्रतिजैविक अशी खिचडी असलेल्या ट्यूबांनी हा प्रश्न आपल्या देशात फार वाढवला आहे.

चेहऱ्यावर गोरेपणासाठी अशी मलमे लावणाऱ्या मुलींची गत आणखी वाईट. कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, मुरुमे येतात आणि मलम थांबवले की चेहरा पेटल्यासारखा होतो. जांघेत व काखेत पांढऱ्या-तांबड्या रेघा पडतात, त्या पुन्हा जात नाहीत. २०१८ साली केंद्र सरकारने नियम बदलून अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. नियम झाला, तरी ट्यूब मागणारे आपणच असतो. ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे, एवढे प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

आणखी एक महत्त्वाची सूचना. चट्टा फिकट किंवा तांबूस आहे, खाजत नाही आणि तेथे स्पर्श कळत नाही, असे असेल तर ते डर्माटायटिस समजून घरी बसू नये. ते कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते. सरकारी दवाखान्यात तपासणी व औषध विनामूल्य मिळते आणि वेळीच उपचार घेतल्यास रोग पूर्ण बरा होतो.

डॉक्टरांकडे जाताना

चिठ्ठीवर डर्माटायटिस लिहिलेले दिसले तर संकोच न करता तीन प्रश्न विचारावेत. हा कोणत्या प्रकारचा? कशामुळे झाला असावा? मलम कोठे, किती आणि किती दिवस लावायचे?

आपणही काही गोष्टी आपणहून सांगाव्यात. आपला धंदा काय, सुट्टीच्या दिवसांत त्रास कमी होतो का, घरात आणखी कोणाला खाज आहे का, आजवर कोणकोणती मलमे लावली. घरातील चौघांना रात्री खाज सुटत असेल तर डर्माटायटिसपेक्षा खरजेची शंका आधी घ्यावी लागते. जुन्या ट्यूबा टाकून न देता बरोबर न्याव्यात.

ॲलर्जी नेमकी कशाची हे कळत नसेल तर पॅच टेस्ट करतात. संशयित पदार्थांच्या बारीक पट्ट्या पाठीवर चिकटवून ४८ तासांनी काढतात आणि तेव्हा व पुन्हा एक-दोन दिवसांनी त्वचा तपासतात. तोवर पाठ भिजवायची नसते. वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागात ही चाचणी होऊ शकते. नायट्याची शंका असेल तर कातडीचा थोडा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

ताप, पू, वेगाने पसरणारी दुखरी लाली, सर्व अंग लाल होऊन सालपटे निघणे, किंवा एखादे औषध घेतल्यावर तोंडात व डोळ्यांत फोड येणे, यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

घरी काय करावे?

कढत पाण्याने आंघोळ करू नये. बरे वाटते, पण खाज वाढते. कोमट पाणी व सौम्य साबण वापरावा, अंग टिपून घ्यावे आणि ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावावी. नखे कापावीत. सुती कपडे घालावेत. पाण्यात काम असेल तर आत सुती आणि वर रबरी हातमोजे घालावेत. रबराची ॲलर्जी असल्यास प्लॅस्टिकचे. डॉक्टरांनी दिलेले मलम किती घ्यावे? ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पडलेली रेघ दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. रॉकेल, चुना, लसणाचा रस यांतले काहीही लावू नये. एका दुखण्याची दोन होतात.

शंका-समाधान

शंका : डर्माटायटिस एकाचा दुसऱ्याला होतो का?
समाधान : नाही. अशा माणसाशेजारी बसण्यास, त्याच्या हातचे खाण्यास मुळीच हरकत नाही. नायटा व खरूज मात्र पसरतात.

शंका : रक्त बिघडल्यामुळे हा रोग होतो का?
समाधान : नाही. रक्त शुद्ध करणाऱ्या बाटल्यांवर पैसे घालवू नयेत.

शंका : वांगी, आंबट, दूध बंद करावे का?
समाधान : संपर्कजन्य प्रकाराचा खाण्याशी सहसा संबंध नसतो. लहान मुलांचे दूध तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज बंद करू नये. मूल अशक्त होते आणि खाज तशीच राहते.

शंका : कायमचा बरा होतो का?
समाधान : ज्या पदार्थाने होतो तो सापडला व टाळता आला तर त्रास थांबतो. ॲटोपिक प्रकार अनेक मुलांत वयाबरोबर कमी होतो. इतर काही प्रकार पुन्हा डोके वर काढतात, पण काबूत ठेवता येतात.

आता त्या गवंडी गृहस्थांकडे वळू. रोज काय काम करता, दिवाळीच्या सुट्टीत हात कसे होते, असे विचारले तेव्हा ते म्हणाले, "दिवाळीत गावी पंधरा दिवस होतो, तेव्हा निम्मे बरे झाले होते." पुढे पॅच टेस्टमध्ये सिमेंटमधील क्रोमेटची ॲलर्जी निघाली. त्यांच्या डर्माटायटिसचे पूर्ण नाव होते, सिमेंटमधील क्रोमेटमुळे झालेला ॲलर्जिक संपर्कजन्य डर्माटायटिस. तीन ट्यूबांनी दाह विझत होता आणि रोज सकाळी मालाच्या घमेल्यात हात घातला की पुन्हा पेटत होता.

पंचवीस वर्षांचा हातचा धंदा सोडा, असे सांगणे सोपे नव्हते. ते काही वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "आधी कळले असते तर थोरल्याला तरी दुसऱ्या कामाला लावला असता." मुलाला हाच त्रास होईल असे मुळीच नाही, हे त्यांना समजावून सांगितले. आता ते ठेकेदाराकडे सेंटरिंगचे काम पाहतात आणि ओल्या मालाला हात लावत नाहीत. हात पूर्वीसारखे झाले नाहीत, क्रोमेटची ॲलर्जी चिवट असते. पण भेगा भरल्या आहेत आणि भाकरी मोडताना रक्त येत नाही.

म्हणून पुढच्या वेळी चिठ्ठीवर हा शब्द दिसला, तर घडी करून खिशात घालण्याआधी एवढेच विचारा : "डॉक्टरसाहेब, हे आडनाव झाले. पूर्ण नाव काय?"